अपस्किरते : वळू माती उकरतो, त्या कृतीचा शब्द

१/
वळू मान खाली घालतो, पुढच्या पायाच्या खुराने माती मागे फेकतो आणि डुरकतो. खानदेशात गुराढोरांशी थोडाही संबंध आलेल्या माणसाला हे दृश्य नवे नाही. मराठीत त्याला ‘माती उकरणे’ म्हणतात. संस्कृत व्याकरणात मात्र या कृतीसाठी एक खास रूप सांगितले आहे : ‘अपस्किरते’. हे रूप केवळ चतुष्पाद प्राणी आणि पक्षी यांच्यासाठी राखलेले आहे, माणसाला ते चालत नाही. या शब्दाचा अर्थ, त्याची घडण आणि जळगाव-धुळ्यापर्यंत पोहोचणारा त्याचा इतिहास हा या सूत्राचा विषय.

२/
मूळ धातू ‘कॄ’. अर्थ : विखुरणे, उधळणे, फेकणे. त्याचे वर्तमानकाळी रूप ‘किरति’. प्रकीर्ण, संकीर्ण, विकीर्ण, विकिरण हे मराठीत रुळलेले शब्द याच धातूचे. त्याला ‘अप’ म्हणजे ‘दूर, बाजूला’ हा उपसर्ग लागला की ‘अपकिरति’ होते. माणूस फुले उधळतो तेव्हा तो ‘अपकिरति’. येथवर सर्व नियमानुसार आहे. प्रश्न आहे तो वळूच्या क्रियापदात ‘क’च्या आधी येऊन बसलेल्या ‘स’चा. हा ‘स’ आला कोठून आणि कशासाठी?

३/
उत्तर पाणिनीच्या अष्टाध्यायीत आहे. गांधारातील शलातुर गावचा हा वैयाकरण इसवी सनापूर्वी पाचव्या-चौथ्या शतकात होऊन गेला, असे सामान्यतः मानले जाते. सहाव्या अध्यायाच्या पहिल्या पादातील १४२ वे सूत्र सांगते : ‘अप’च्या पुढे ‘कॄ’ धातू असेल, कर्ता चार पायांचा प्राणी किंवा पक्षी असेल आणि कृती ‘आलेखन’ म्हणजे ओरखडण्याची, खरवडण्याची असेल, तर ‘क’च्या आधी ‘स’ येतो. या आगमाला व्याकरणात ‘सुट्’ असे नाव आहे.

४/
पुढे कात्यायनाच्या वार्तिकांच्या परंपरेने यात आणखी बारकावा आणला. प्राण्याने माती खरवडली एवढ्याने भागत नाही. ती तीनपैकी एका कारणाने खरवडलेली असली पाहिजे : हर्ष, जीविका किंवा कुलायकरण. म्हणजे उत्तेजित होऊन, अन्न शोधण्यासाठी किंवा राहण्या-बसण्याची जागा करण्यासाठी. या तीन अर्थांत क्रियापद आत्मनेपदी चालते. म्हणून ‘अपस्किरति’ नव्हे, तर ‘अपस्किरते’.

५/
सातव्या शतकाच्या सुमारास जयादित्य आणि वामन यांनी रचलेल्या ‘काशिका’ या टीकेत तिन्ही कारणांसाठी एकेक उदाहरण दिले आहे. उत्तेजित झालेला वृषभ. दाणे शोधणारा कोंबडा. निवाऱ्याची जागा करणारा कुत्रा. तिघेही ‘अपस्किरते’. संस्कृत व्याकरण म्हटले की राजसभा, यज्ञ आणि गुरुकुल डोळ्यांपुढे येतात. येथे उदाहरणे आली आहेत ती गोठा, उकिरडा आणि अंगणातून.

६/
काशिकेतील प्रत्युदाहरण तर अधिकच बोलके आहे. पोट भरलेला कुत्रा समोरचा भाताचा गोळा विस्कटून टाकतो. तोही चतुष्पाद आहे, तोही विस्कटतो आहे. पण त्याला ना उत्तेजना आहे, ना भूक, ना निवाऱ्याची गरज. म्हणून त्याच्या वाट्याला ‘स’ येत नाही, तो नुसता ‘अपकिरति’. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या दोन कृतींमागील हेतू वेगळे आहेत, हे येथे एका व्यंजनाने सांगितले आहे. कुत्र्याकडे बराच वेळ पाहिल्याशिवाय असा नियम सुचत नाही.

७/
आत्मनेपदाचा मुद्दाही समजून घेण्यासारखा आहे. ढोबळमानाने, क्रियेचे फळ करणाऱ्याकडेच जात असेल तर आत्मनेपद आणि दुसऱ्याकडे जात असेल तर परस्मैपद. स्वतःसाठी स्वयंपाक करणारा ‘पचते’, दुसऱ्यासाठी रांधणारा ‘पचति’. कोंबडी स्वतःच्या चोचीसाठी उकरते, कुत्रा स्वतःच्या अंगापुरता खळगा करतो, वळू स्वतःच्या आवेगाला वाट देतो. तिघांच्याही कृतीचे फळ तिघांपाशीच राहते. प्राण्याला हेतू असतो आणि ‘स्व’ असतो, हे वैयाकरणांनी येथे गृहीत धरले आहे.

८/
‘हर्ष’ या शब्दाचे आजच्या मराठीतील ‘आनंद’ हे भाषांतर येथे अपुरे पडते. ‘हृष्’ धातूचा जुना अर्थ अंगावर काटा येणे, केस ताठ होणे, उत्तेजित होणे असा आहे. ‘रोमहर्षक’ या शब्दात तो अजून शिल्लक आहे. माती उकरणारा वळू आनंदात नसतो. प्राण्यांच्या वर्तनाचे आजचे अभ्यासकही खाली घातलेली मान, बाजूने दाखवलेले अंग आणि खुराने उडवलेली माती यांना प्रतिस्पर्ध्याला दिलेल्या धमकीची खूण मानतात. मराठी शेतकरी त्याला ‘मस्ती’ म्हणतो. ‘हर्ष’च्या जुन्या अर्थाला आजच्या ‘आनंदा’पेक्षा ‘मस्ती’ अधिक जवळची आहे.

९/
उदाहरणातील ‘वृषभ’ म्हणजेही नुसता बैल नव्हे. मराठीत बैल हा सामान्यतः खच्ची केलेला, औताला जुंपायचा नर असतो. न ठेचलेला तो वळू किंवा सांड, वयात येणारा तो गोऱ्हा किंवा खोंड आणि देवाच्या नावाने मोकळा सोडलेला तो पोळ. माती उकरण्याची खोड मुख्यतः वळूची, कारण ती नरपणाच्या उत्तेजनेशी बांधलेली आहे. औताच्या बैलात ती बरीच मंदावते. श्रावण अमावास्येला पोळ्याच्या मिरवणुकीत शिंगे रंगवून शांतपणे चालणारी जोडी आणि गावाच्या वेशीवर माती उडवणारा सांड यांत हाच फरक असतो.

१०/
उरलेली दोन उदाहरणे पाहण्यासाठी तर तापीखोऱ्यातील कोणतेही गाव पुरते. जळगाव, भुसावळकडचा उन्हाळा राज्यातील कडक उन्हाळ्यांपैकी एक. एप्रिल-मेच्या दुपारी गावातले कुत्रे रांजणाजवळची किंवा झाडाखालची ओलसर माती शोधते, वरचा तापलेला थर पायांनी काढते आणि आतल्या थंड मातीत पोट टेकवून पडते. हेच ते ‘कुलायकरण’. कोंबडी दोन-तीन वेळा पाय मारते, एक पाऊल मागे सरते आणि उघड्या पडलेल्या जागेत पाहते. ही झाली ‘जीविका’.

११/
आता त्या ‘स’कडे परत. हा आगम एकट्या वळूसाठी आलेला नाही. ‘सम्’ आणि ‘परि’ या उपसर्गांपुढे ‘कृ’ म्हणजे ‘करणे’ हा धातू सजवण्याच्या अर्थाने आला की तेथेही हाच सुट् होतो. सम् + कृत = संस्कृत. सम् + कार = संस्कार. परि + कार = परिष्कार. हे सर्व नियम अष्टाध्यायीत एकाच प्रकरणात, अवघ्या काही सूत्रांच्या अंतराने येतात. ज्या ‘स’मुळे ‘संस्कृत’, ‘संस्कार’ आणि ‘संस्कृती’ हे शब्द घडले, तोच ‘स’ वळूच्या खुराखाली आहे.

१२/
त्याच प्रकरणात आणखी काही शब्द भेटतात. ‘विष्किर’ म्हणजे पायाने उकरून, विखरून खाणारा पक्षी. आयुर्वेदात चरकाने पक्ष्यांचे जे वर्ग केले, त्यांत हा एक वर्गच आहे, आणि चोचीने टोचून खाणाऱ्यांचा ‘प्रतुद’ हा दुसरा. लावा, तित्तिर, कोंबडा हे विष्किर. ‘अवस्कर’ म्हणजे मळ, टाकाऊ घाण. ‘गोष्पद’ म्हणजे गाई जेथे वावरतात ती जागा, किंवा गाईच्या खुराएवढे माप. सुट्चे हे प्रकरण म्हणजे जणू एका पशुपालक समाजाच्या परसाचीच यादी.

१३/
हा ‘स’ पाणिनीने निर्माण केला नाही. त्याने आढळलेल्या वापराची नोंद केली. तुलनात्मक भाषाशास्त्रात एक गोष्ट प्रसिद्ध आहे : भारत-युरोपीय कुळातील अनेक धातू आरंभी ‘स’ असलेल्या आणि नसलेल्या अशा दोन्ही रूपांत सापडतात. संस्कृतातच ‘पश्यति’ म्हणजे पाहतो, आणि ‘स्पश’ म्हणजे पाळत ठेवणारा हेर. ‘स्पष्ट’ हा शब्दही त्याच घरातला. ‘कॄ’ आणि ‘कृ’ यांच्या उपसर्गयुक्त रूपांत डोकावणारा ‘स’ हा अशाच जुन्या रूपाचा अवशेष असावा, असे काही अभ्यासक मानतात. तसे असेल तर गोठ्यातल्या शब्दाने जुने रूप जपले आणि रोजच्या वापरातील ‘किरति’ने ते टाकले.

१४/
‘अपस्किरते’ हे रूप मराठीपर्यंत आले नाही. मराठीने त्याच धातूला दुसरा उपसर्ग लावलेले रूप घेतले : ‘उत्’ म्हणजे वर. उत् + किरति = उत्किरति, प्राकृतात ‘उक्किरइ’, मराठीत ‘उकरणे’. संस्कृतात नजर माती कोठे जाते याकडे होती, म्हणून ‘अप’, बाजूला. मराठीत नजर माती वर निघण्याकडे गेली, म्हणून ‘उत्’. हाच ‘उत्किर’ हिंदीत ‘उकेरना’ झाला आणि त्याला दगडावर वा लाकडावर कोरण्याचा अर्थ आला. संस्कृतातील ‘उत्कीर्ण’ म्हणजे कोरलेला, हेही त्याच धातूचे रूप.

१५/
‘उकिरडा’ हाही त्याच घराण्यातला. संस्कृत ‘उत्कर’ म्हणजे उकरून वा झाडून काढलेल्या मातीचा, केराचा ढीग. वैदिक यज्ञात वेदीची उकरलेली माती आणि झाडलोट जेथे टाकत, त्या ठरावीक जागेचे नाव ‘उत्कर’ होते. प्राकृतात केराच्या ढिगाला ‘उक्कुरुडी’, गुजरातीत ‘उकरडो’, मराठीत ‘उकिरडा’. यज्ञमंडपातील एका जागेचे नाव गावाच्या कडेच्या शेणकेराच्या ढिगापर्यंत आले. तेथे कोंबडी उकरते तेव्हा कर्म आणि क्रिया दोन्ही एकाच धातूची असतात.

१६/
पाणिनीने या कृतीला जे नाव दिले तेही महत्त्वाचे आहे : ‘आलेखन’. ‘लिख्’ धातूचा मूळ अर्थ लिहिणे हा नव्हे. मूळ अर्थ ओरखडणे, खरवडणे. ऋग्वेदात त्याचे ‘रिख्’ असे जुने रूप येते आणि ‘रेखा’ त्याच्याशीच संबंधित आहे. पुढे ताडपत्रावर टोकदार लेखणीने ओरखडून अक्षरे उमटवली जाऊ लागली, दगडावर छिन्नीने कोरली जाऊ लागली आणि ‘लिख्’ला आजचा अर्थ आला. ‘लिखति’चे प्राकृतात ‘लिहइ’ आणि मराठीत ‘लिहिणे’ झाले. वळूचे खरवडणे आणि लेखकाचे लिहिणे या दोहोंना एकेकाळी एकच धातू पुरत होता.

१७/
या दोन्ही अर्थांची गाठ जळगाव जिल्ह्यात दगडावर पाहायला मिळते. चाळीसगावजवळच्या पाटण येथील शके ११२८ चा शिलालेख यादव राजा सिंघण याच्या काळातील आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा सिंघणाचा ज्योतिषी. आजोबांच्या ‘सिद्धान्तशिरोमणी’ आदी ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्याने पाटणला मठ स्थापला आणि निकुंभवंशीय सोइदेवाने त्याला दान दिले, असे हा लेख सांगतो. लेखाचा मोठा भाग संस्कृतात आहे. शेवटी बाजारातील मालावरच्या करातून मठाला काय मिळावे, हा व्यवहार येतो आणि तेथे भाषा मराठी होते. जुन्या मराठीच्या महत्त्वाच्या शिलालेखांत त्याची गणना होते.

१८/
हा लेख प्रथम प्रकाशात आणला मुंबईच्या डॉ. भाऊ दाजी लाड यांनी. पुढे ‘एपिग्राफिया इंडिका’च्या पहिल्या खंडात त्याचे सविस्तर संपादन झाले ते फ्रान्झ कीलहॉर्न यांच्याकडून. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकवलेल्या याच जर्मन पंडिताने पतंजलीच्या ‘महाभाष्या’ची संशोधित आवृत्ती १८८० ते १८८५ या काळात मुंबईत प्रसिद्ध केली. हर्ष, जीविका आणि कुलायकरण यांचे वार्तिक त्याच महाभाष्यात येते. वळूच्या खुराचा नियम आणि पाटणचा दगड, दोन्ही एकाच माणसाच्या टेबलावरून गेले.

१९/
धुळ्याचा धागा इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचा. कागदपत्रे शोधणारा इतिहासकार म्हणून ते परिचित आहेत. परंतु आयुष्याच्या उत्तरार्धात त्यांचे मोठे काम भाषेवर होते. मराठीतील क्रियापदे धातूपर्यंत नेऊन त्यांचा कोश करावा, हा त्यांचा ध्यास होता. ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात त्यांचे निधन झाले आणि काही दिवसांतच, जानेवारी १९२७ मध्ये, तेथे त्यांच्या नावाने संशोधन मंडळ उभे राहिले. त्यांनी मागे ठेवलेला ‘मराठी धातुकोश’ पुढे याच मंडळाने कृ. पां. कुलकर्णी यांच्या संपादनाखाली छापला. राजवाड्यांच्या काही व्युत्पत्ती आज मान्य होत नाहीत. पण उकरणे, खरवडणे, डुरकणे ही शेतकऱ्याच्या तोंडची क्रियापदे पाणिनीच्या धातूंइतक्याच गांभीर्याने तपासण्याजोगी आहेत, ही त्यांची भूमिका कायम टिकली.

२०/
या भूमिकेचे मोल कळण्यासाठी जुन्या परंपरेची दुसरी बाजू पाहावी लागते. पतंजलीने शुद्ध शब्द आणि अपभ्रंश यांतील फरक सांगताना उदाहरण घेतले गाईचे. शुद्ध शब्द ‘गौः’. लोक बोलतात ते गावी, गोणी, गोता हे अपभ्रंश, म्हणजे घसरलेले. पुढे दंडीने ‘काव्यादर्शा’त म्हटले की काव्यात आभीर आदींच्या बोलीला अपभ्रंश म्हणतात. आभीर म्हणजे गुरे राखणारे लोक. तिसऱ्या शतकात त्यांच्यातील ईश्वरसेन हा राजा झाला आणि त्याच्या काळातील लेख नाशिकच्या लेण्यांत आहे. ज्यांनी गाई राखल्या, त्यांच्याच तोंडचा गाईचा शब्द अशुद्ध ठरला.

२१/
‘अहिराणी’ हे खानदेशच्या बोलीचे नाव अहीर, म्हणजेच आभीर, या नावाशी जोडले जाते. ग्रिअर्सनने भारतीय भाषांच्या सर्वेक्षणात १९०७ मध्ये ‘खानदेशी’ला भिल्ल बोलींच्या खंडात स्थान दिले. तेव्हापासून ती मराठीची की गुजरातीची, हा वाद चालू आहे. वाद अभ्यासकांचा. त्याचा भार मात्र घरात अहिराणी बोलून शाळेत जाणाऱ्या मुलाने वाहिला. त्याच्या तोंडचा शब्द ‘गावंढळ’ ठरला, वर्गात हसू झाले, आणि पुष्कळ घरांनी पुढच्या पिढीशी ती बोली बोलणे थांबवले.

२२/
त्या मुलाला ‘अपस्किरते’ची हकीकत सांगण्यासारखी आहे. ज्या भाषेचे नावच ‘संस्कारित’ असे आहे, तिच्या सर्वांत कसोशीच्या ग्रंथाने गोठ्यातल्या वळूसाठी, उकिरड्यावरच्या कोंबड्यासाठी आणि सावलीतल्या कुत्र्यासाठी वेगळे सूत्र खर्च केले. पोट भरलेल्या आणि उपाशी जनावरात व्याकरणाने फरक केला. हे ज्ञान पंडिताला ग्रंथातून मिळालेले नव्हते. गुरांमागे फिरणाऱ्या माणसांच्या बोलण्यात ते आधीच होते आणि पाणिनीने ते ऐकून घेतले.

२३/
आज धोका आहे तो ऐकणेच थांबण्याचा. औताची जागा ट्रॅक्टरने घेतली, वळूची जागा बऱ्याच ठिकाणी कृत्रिम रेतनाने घेतली. वळू, गोऱ्हा, खोंड, पोळ यांतला फरक सांगणारी माणसे वयस्क होत चालली आहेत. शब्द कोशात राहतात, पण कोणता शब्द केव्हा वापरायचा हे कोश पूर्ण सांगू शकत नाही. ते सांगण्यासाठी वळूला माती उकरताना पाहिलेला माणूस लागतो. ‘अपस्किरते’ टिकला, कारण कोणीतरी तसे पाहिलेल्या माणसाला विचारले आणि उत्तर लिहून ठेवले. जळगाव-धुळ्याच्या गावांत अजून असे विचारता येईल अशी माणसे आहेत.